अमेरिकेत घर घेतलंय? मग त्या घराचे जुने कागद एकदा काढून बघाच

इकडच्या मराठी गेट-टुगेदरला जेवणं झाली, पानं उचलली की कधी ना कधी हा विषय निघतोच. "आपण दोन सूटकेस घेऊन आलो, पंधरा वर्षांत घर केलं, पोरं चांगल्या शाळेत घातली, आणि हे ब्लॅक लोक इथे शेकडो वर्षं आहेत, यांचं का होत नाही हो?" मग कोणीतरी म्हणतं सेव्हिंगची सवय नाही, कोणी म्हणतं शिक्षणाची आवड नाही, आणि मान डोलावून विषय बंद. मी आता वाद घालायचं सोडलंय. मी एवढंच सांगते की बाबा, तुझ्याच घराचे जुने कागद काढ, उत्तर तिथे सापडेल. एका वीकेंडचं काम आहे, बहुतेक सगळं फुकट आहे. कसं करायचं ते इथे एकदाच लिहून ठेवते.

सुरुवात नकाशापासून करा कारण ते सगळ्यात सोपं. 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' असं सर्च करा, युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंडची साइट आहे. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, लोकांची घरं लिलावात जाऊ नयेत म्हणून सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं, आणि त्यांनी १९३५ ते १९४० च्या दरम्यान दोनशेपेक्षा जास्त शहरांचे रंगीत नकाशे करून घेतले. हिरवा म्हणजे ए, उत्तम. निळा बी, पिवळा सी, आणि लाल म्हणजे डी, 'हॅझार्डस'. रेडलायनिंग, म्हणजे वस्ती बघून कर्ज नाकारणं, हा शब्द आपण ऐकतो तो या लाल रंगावरून. आता तुमचं सबर्ब तेव्हा मक्याचं शेत असेल तर नकाशात काहीच दिसणार नाही, मग जवळचं जुनं शहर बघायचं. एडिसनवाल्यांनी न्यूअर्क बघा, बे एरियावाल्यांनी ओकलंड, फ्रिस्को-प्लेनोवाल्यांनी डॅलस.

पण नुसते रंग बघून थांबू नका, खरी गंमत (गंमत कसली म्हणा) त्या भागावर क्लिक केल्यावर आहे. बऱ्याच ठिकाणी तेव्हाचा टाइपरायटरवर भरलेला फॉर्मच उघडतो. एक पानी फॉर्म, आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी फॉर्मसारखा कोरडा. जमीन सपाट की चढाची, चांगल्या गोष्टी काय, वाईट काय, घरं किती जुनी, भाडं किती. आणि मध्येच 'रहिवासी' म्हणून एक रकाना, त्यात लोक काय धंदा करतात, कमाई किती, परदेशात जन्मलेले किती टक्के, मग 'निग्रो' पुढे हो की नाही आणि किती टक्के, आणि त्याच्याखाली 'इन्फिल्ट्रेशन ऑफ', म्हणजे कोणाची घुसखोरी होतेय! शेजारी राहायला येणं म्हणजे घुसखोरी. त्याच फॉर्मवर पुढे विचारलंय की इथे घर घ्यायला कर्ज मिळतं का. छताची अवस्था आणि शेजाऱ्याचा रंग एकाच पानावर, एकाच बाबूने, एकाच दमात भरलेले आहेत. हे पान एकदा पूर्ण वाचाच, दहा लेख वाचण्यापेक्षा जास्त कळतं.

इथे एक सावधगिरी. बरेच लोक नकाशाचा स्क्रीनशॉट टाकतात आणि म्हणतात बघा यानेच सगळं झालं. तसं नाहीये. याच संस्थेने लाल भागातही भरपूर कर्जं दिली होती, आणि तेव्हा लाल भागात राहणाऱ्यांत गोऱ्यांचीच संख्या जास्त होती, गरीब, नवीन आलेले वगैरे. नकाशा म्हणजे त्या काळच्या बँकर आणि ब्रोकर मंडळींच्या डोक्यात काय होतं त्याची नोंद समजा. खरी ताकद होती ती १९३४ साली आलेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला. कर्ज बुडालं तर सरकार भरून देईल अशी हमी ते बँकेला द्यायचे, त्यामुळे कमी डाउन पेमेंटमध्ये लांब मुदतीचं कर्ज सामान्य माणसाला परवडायला लागलं. आणि कुठल्या घराला हमी द्यायची याच्या त्यांच्या मॅन्युअलमध्ये वेगवेगळ्या वंशाचे लोक एकत्र आले तर भाव पडतात असं धरलेलं होतं, आणि डीडमध्ये, म्हणजे घराच्या खरेदीखतात, वंशाची अट असली तर ती चांगली बाजू मानलेली. म्हणजे भेदभाव केला तर सरकारी हमी मिळणं सोपं, असा उलटा हिशोब.

आता तुमचं डीड. क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होताना, जो कागदांचा गठ्ठा मिळाला आणि जो आपण कोणीच वाचत नाही, त्यात मालकी तपासणाऱ्या टायटल कंपनीचा रिपोर्ट शोधा, त्यात 'शेड्यूल बी' असतं. तिथे जमिनीवर आधीपासून असलेल्या अटींची यादी असते, बुक नंबर पान नंबरसकट. तिथेच कुठेतरी 'वंश, रंग, धर्म यांवर आधारित अटी असल्यास त्या वगळून' अशा अर्थाचं वाक्य असतं. हे वाक्य छापील ठोकळा आहे, सगळ्यांनाच चिकटवतात, त्यामुळे ते दिसलं म्हणजे तुमच्या घरावर अट होतीच असं नाही. मूळ कागद बघायचा. तो काउंटी रेकॉर्डरकडे मिळतो, काही राज्यांत काउंटी क्लर्क किंवा रजिस्टर ऑफ डीड्स म्हणतात. तिथे विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने इंडेक्स असतो, आपण सातबाऱ्यावरून फेरफार शोधत मागे मागे जातो ना अगदी तसंच, आजच्या मालकाकडून त्याच्या आधीचा, त्याच्या आधीचा. १९५० च्या आधी प्लॉट पडले असतील तर बिल्डरने पूर्ण लेआउटसाठी एकच अटींचा कागद नोंदवलेला असू शकतो, तोच हवाय. मिनियापोलिसवाल्यांचं काम सोपं, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या 'मॅपिंग प्रेज्युडिस'ने हजारो डीड वाचून नकाशावर टाकलीत. सिएटलसाठी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने असंच काम केलंय.

अट सापडली तर नीट वाचा. साधारण अर्थ असा असतो की कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाच्या माणसाशिवाय कोणीही इथे राहू नये, घरकाम करणारे नोकर सोडून. हो, नोकर चालतात. सिएटलकडच्या अटींत इथिओपियन, मलाय आणि 'कोणताही एशियाटिक' असं लिहिलेलं सापडतं, आणि इथे आपल्या मंडळींनी जरा सावरून बसायचं, कारण त्या एशियाटिकमध्ये आपणही आलो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिकत्व नाही. ते दार थोडंसं उघडलं १९४६ मध्ये, वर्षाला शंभर लोकांच्या कोट्याने. घरांच्या अटींचं म्हणाल तर १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या सेंट लुईसच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की अशा अटींची अंमलबजावणी आम्ही करणार नाही, पण घर विकताना-भाड्याने देताना भेदभाव करणंच देशभर बेकायदा झालं ते १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात. म्हणजे आज घाबरायचं काही कारण नाही, ती अट मेलेली आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा राज्यांत फॉर्म भरून ती अधिकृतपणे रद्द किंवा दुरुस्त करून घेता येते. घ्या करून, पण आधी मूळ पानाचा चांगला स्कॅन काढून ठेवा. पुसून मोकळं होणं मला स्वतःला पटत नाही.

पुढचं काम म्हणजे माणसं शोधणं. अमेरिकन जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात, त्यामुळे १९४० आणि १९५० चे दोन्ही आता ऑनलाइन मिळतात, फॅमिलीसर्चवर किंवा नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर. १९४० चा जास्त कामाचा, कारण त्यात घर स्वतःचं की भाड्याचं, किंमत किती किंवा भाडं किती, शिक्षण कितवीपर्यंत, वर्षाचा पगार किती, सगळं घरटी लिहिलंय. मग डीडच्या साखळीत घर कोणी कधी विकलं ते बघा. जुन्या डीडवर किंमत लिहिलेली नसते, 'दहा डॉलर आणि इतर मोबदला' असं मोघम असतं, पण एक युक्ती आहे. १९४० पासून १९६७ पर्यंत डीडवर फेडरल रेव्हेन्यू स्टॅम्प लागायचे, पाचशे डॉलरला ५५ सेंट, म्हणजे हजाराला १.१० डॉलर. स्टॅम्पची बेरीज ८.८० डॉलर आली तर घर साधारण ८,००० ला गेलं. (घेणाऱ्याने जुनं कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं असेल तर हा आकडा कमी दिसतो, ते लक्षात ठेवा.)

हे आकडे हातात आले की पिढ्यांचा हिशोब मांडता येतो, आणि त्यासाठी न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनइतकं चांगलं उदाहरण नाही. १९४७ पासून तिथे युद्धावरून परत आलेल्या सैनिकांसाठी सतरा हजारांवर घरं बांधली. १९४९ मध्ये घराची किंमत ७,९९० डॉलर, सैनिकाला डाउन पेमेंट शून्य, हप्ता महिना ५८ डॉलर. आणि सुरुवातीच्या भाडेकरारात कॉकेशियन सोडून कोणाला राहू द्यायचं नाही हे ठळक अक्षरात. ब्लॅक सैनिकही त्याच युद्धात लढले, १९४४ च्या जीआय बिलाचे, म्हणजे परतलेल्या सैनिकांसाठीच्या सवलतींच्या कायद्याचे, फायदे कागदावर त्यांनाही होते, पण कर्ज द्यायचं होतं स्थानिक बँकेने. १९४७ मध्ये मिसिसिपीत अशा ३,२०० हून जास्त कर्जांपैकी ब्लॅक सैनिकांना मिळाली दोन. दोन टक्के नाही, दोन. आता लेव्हिटटाउनचं तेच घर आज सहा लाखांच्या आसपास किंवा वर जातं. ते घर तेव्हा घेतलेल्या गोऱ्या आजोबांनी मध्ये कधीतरी त्याच घरावर कर्ज काढून मुलाला कॉलेजला घातलं, मुलाने नातवाच्या डाउन पेमेंटला हातभार लावला, कोणी आजारी पडलं तर घर होतं पाठीशी. कुठेही कोणी चोरी केली नाही, कोणी आळशी नव्हतं, सगळे साधे कष्टाळू लोक, फक्त पहिली पायरी एकाला मिळाली आणि एकाला नाही.

मग ज्याला मिळाली नाही त्याने काय केलं? शिकागोच्या लॉनडेलमध्ये लोकांनी 'कॉन्ट्रॅक्टवर' घरं घेतली. सट्टेवाला गोऱ्या मालकाला 'ब्लॅक लोक येतायत' असं घाबरवून स्वस्तात घर उचलायचा, ब्लॅक कुटुंबाला दुपटीने वगैरे विकायचा, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी स्वतःकडेच. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि तोवर भरलेले पैसेही, आणि तो पुन्हा दुसऱ्या कुटुंबाला तेच घर विकायला मोकळा. १९६८ मध्ये लोकांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढून हप्ते थांबवले, कोर्टात गेले. तेव्हा "सेव्हिंगची सवय नाही" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. लोक बाजारभावापेक्षा जास्तच भरत होते, साठत होतं दुसऱ्याच्या खात्यात.

हायवेचं थोडक्यात सांगते. सेंट पॉलची रोंडो वस्ती, डेट्रॉइटची ब्लॅक बॉटम, मायामीची ओव्हरटाउन, या सगळ्या ब्लॅक वस्त्या, आणि त्यांच्यातली घरं-दुकानं पाडून १९५० आणि ६० च्या दशकांत इंटरस्टेट हायवे गेले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर सॅनबॉर्नचे फायर इन्शुरन्स नकाशे आहेत, त्यात एकेक दुकान दिसतं, ते आजच्या सॅटेलाइट फोटोशेजारी ठेवा.

शेवटी आजचे आकडे, आणि इथे बहुतेकजण एक चूक करतात, पगार बघतात. पगार नाही, संपत्ती बघायची, म्हणजे सगळं विकून सगळी कर्जं फेडली तर हातात काय राहील. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या सर्वेत, संपत्तीच्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्या गोऱ्या कुटुंबाकडे २,८५,००० डॉलर, ब्लॅक कुटुंबाकडे ४४,९००. एशियन कुटुंबाकडे ५,३६,०००, आणि हाच आकडा पार्टीत आपल्या तोंडावर मारला जातो, बघा आपण केलं ना! अहो पण १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला तेव्हा त्याने डॉक्टर, इंजिनियर असे निवडून घेतले. गाळून आलेल्या लोकांची तुलना तुम्ही न गाळलेल्या लोकांशी करताय. आपल्यातल्या कितीतरी जणांची इंजिनियरिंगची फी सरकारने उचललेली, आणि घरात आजोबांपासून शिकलेले. त्या आजोबांनाच शाळेत का बसता आलं आणि गावातल्या दुसऱ्या आजोबांना का नाही, ते कागद तिकडे भारतात काढावे लागतील. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये इथले ब्लॅक विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि इथल्या ब्लॅक लोकांच्या स्थितीतलं साम्य सांगितलंच होतं.

अजून खोलात जायचं असेल तर 'ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅटलस' उघडा, अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टींच्या टीमने सेन्सस ब्युरोबरोबर केलाय, तुमच्या भागात गरीब घरात वाढलेली मुलं मोठी होऊन किती कमावतात ते दिसतं. त्यांचंच काम सांगतं की सारख्याच श्रीमंत घरातली, एकाच ब्लॉकवर वाढलेली ब्लॅक आणि गोरी मुलं घेतली तरी ब्लॅक मुलगे मोठेपणी कमी कमावतात. म्हणजे नुसतं घर मिळालं की सगळं मिटलं असंही नाही.

आणि आता सध्याच्या कागदांकडेही बघा. सिएटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूवाल्यांना अलीकडच्या क्लोजिंगमध्ये शंभर डॉलरची जादा रेकॉर्डिंग फी दिसेल, ती वॉशिंग्टन राज्याच्या २०२३ च्या कायद्याची. ज्यांना अशा अटींमुळे घर नाकारलं गेलं त्यांना आणि त्यांच्या वारसांना त्यातून डाउन पेमेंटसाठी मदत मिळते, आणि त्या यादीत एशियन इंडियनही आहेत बरं का, फक्त तुम्ही किंवा तुमचे पूर्वज एप्रिल १९६८ च्या आधी त्या राज्यात राहिलेले हवेत, त्यामुळे आपल्या आयटीवाल्यांनी उगाच फॉर्म भरू नये. न्यू जर्सीत १९७५ आणि १९८३ च्या माउंट लॉरेल निकालांनंतर प्रत्येक टाउनशिपवर परवडणाऱ्या घरांना जागा देण्याची जबाबदारी आहे. तशी बिल्डिंग आपल्या गावात येणार म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिटिशन फिरते, शाळेत गर्दी होईल, भाव पडतील, आणि आपलीच मंडळी धडाधड सह्या करतात. सही करायच्या आधी प्लॅनिंग बोर्डाचा अजेंडा टाउनशिपच्या साइटवरून डाउनलोड करा, नेमकी किती युनिट आहेत ते बघा, आणि मीटिंगला जाऊन बसा. पब्लिक कमेंटला नाव-पत्ता सांगून दोन-चार मिनिटं बोलता येतं. डीडच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवा, "भाव पडतील" असं कोणी म्हणालं की वाचून दाखवायला.