दुपारी दोनच्या आत: ऊन आणि वळीव, दोन्हीची तयारी

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-कवठेमहांकाळ या द्राक्ष-बेदाण्याच्या पट्ट्यात एप्रिल-मे म्हणजे सकाळी नऊलाच पत्रा हात लावू देत नाही आणि चारनंतर पूर्वेकडनं काळंभोर येतं. उत्तरेची कोरडी हवा, समुद्राकडनं आलेलं बाष्प आणि खाली तापलेली जमीन, हे जुळलं की दुपारनंतर ढग उभेच्या उभे चढतात. म्हणून माझं एकच म्हणणं, ज्या दिवशी सकाळी अंगावरचा घाम वाळत नाय, नुसतं गदगदतंय, त्या दिवशी सगळी बांधाबांध दोनच्या आत उरका, वारं सुटल्यावर काय हाताला लागत नाही. हवामान खात्याचा येलो अलर्ट असला तरी बेदाणा उघड्यावर असणाऱ्यानं तो ऑरेंज समजूनच चालावं.

पहिलं बेदाणा वाळवायचं शेड. मागल्या वर्षी आमचा शेडवर झाकायचा प्लॅस्टिकचा कागद तीन बाजूनं घट्ट होता, चौथ्या कोपऱ्याला जुनी सुतळी होती, उन्हानं कुजून तिचा भुगा झालेला, वरनं बघितलं तर गाठ शाबूत. पहिल्याच झपाट्यात कोपरा उडाला आणि दोन रॅकवरचा माल भिजला, बारा दिवस वाळवलेला. नंतर नुसता काळा पडला, काही ठिकाणी बुरशी आली, घरात तीन दिवस कोण नीट जेवलं नाही. म्हणून आता प्रत्येक दोरी हातानं ओढून बघायची, नायलॉनचीच घ्यायची, आणि कागद रॅकला नाही तर शेडच्या खांबाला बांधायचा. पत्र्यावर दगड ठेवून भागवू नका, वाऱ्यात दगड खाली माणसावर येतो, इंग्रजी J सारखे वाकडे हुक मारून घ्या. ज्यांच्या द्राक्षबागेची खरड छाटणी (माल निघाल्यावरची उन्हाळी छाटणी) झालीय त्यांनी गारा पडल्या तर लगेच बागेचे फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागतात.

मजुरांचं काम सहाला सुरू करून अकराला थांबवा आणि चारनंतर आभाळ बघून परत लावा, हे मालकानंच ठरवायचं, रोजंदारीवरचा माणूस स्वतःहून थांबत नाय. शेडवर माठ भरलेला पाहिजे, ओआरएसची पाकिटं पाहिजेत, एका पाकिटाला एक लिटर पाणी, कालवलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. पाकीट नसलं तर लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोण बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर सावलीत घेऊन मान, काखा, जांघा ओल्या कापडानं गार करत रहा आणि १०८ ला फोन लावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. जर्सी गाईंना चारा पहाटे आणि रात्री टाका, दुपारी नुसतं गार पाणी. आणि ढग दिसले की जनावरं झाडाखालनं सोडवा, लिंबाच्या झाडाखाली दावणीला बांधलेली जनावरं वीज पडून गेलेली आपण सगळ्यांनीच ऐकलीत.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाकून ठेवा, आसपास वीज पडतीय का ते दाखवतं. रेंज नसली तर मोजा, लकाकल्यापासून आवाज यायला तीस सेकंदांपेक्षा कमी लागलं तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, कामं टाकून पक्क्या घरात जा, शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. रानात अडकलात तर झाड, तारेचं कुंपण, विहिरीची मोटर, टप नसलेला उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल सगळ्यापासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडायचं नाही. घरातली टीव्ही-फ्रिजची पिनं ढग लांब असतानाच काढा.

पाऊस गेला की बॅटरी घेऊन लगेच रानात पळू नका, तार तुटून पडलेली असते, अंधारात आणि चिखलात दिसत नाही. दिसली तर लांबच थांबा, कुणाला जाऊ देऊ नका आणि वीज कंपनीच्या १९१२ ला फोन करा. शेडचा कागद मात्र दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत गुंडाळून वर घ्या, तसाच राहिला तर आतली दमट हवा निघत नाही आणि कोरडा राहिलेला बेदाणाबी घामेजतो.