तुरुंगातल्या कायदेकामाची फेलोशिप हवी असेल, तर अर्ज असा लिहा

अर्जातला पहिला परिच्छेद आधी खोडा. मी फेलोशिपचे अर्ज वाचायला बसते तेव्हा बहुतेकांची सुरुवात संविधानाचं कलम २१ (जगण्याचा हक्क), मानवी प्रतिष्ठा आणि कैद्यांच्या हक्कांवर निवाडे देणारे न्या. कृष्णा अय्यर यांनी होते. तिन्ही थोर. पण तेवढं वाचून तुम्हाला तुरुंगाच्या मुलाखत खिडकीशी बसवावं की नाही, ते मला कळत नाही. मला एकच गोष्ट बघायची असते: जामीन मंजूर झालेला माणूस आतच का राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

समजा, पंधरा हजारांचा जामीन आणि एक स्थानिक जामीनदार, असा आदेश झाला. आत असलेला बंदी परराज्यातला बांधकाम मजूर. रेशनकार्ड आणि सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट (ऐपतीचा दाखला) घेऊन त्याच्यासाठी कोर्टात उभं राहील असं या शहरात कोणी नाही. वकिलाच्या लेखी केस संपली, बंदी मात्र बराकीतच. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेलने जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली: सुरुवातीला जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत. यूएपीए (दहशतवादविरोधी), एनडीपीएस (अमली पदार्थ) यांसारख्या कायद्यांखालचे आरोपी तिच्यातून वगळलेत. हे सगळं कागदावर असतं. त्या कागदाची आणि त्या माणसाची गाठ घालून देणं, हे फेलोचं निम्मं काम. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्या हमीवर, सोडण्याचा अर्ज, तो फेटाळला तर रोख जामिनाचा अर्ज, मध्येच गावच्या सरपंचाला फोन. अर्जात असली एखादी केस लिहा. इंटर्नशिपमध्ये पाहिलेली चालेल, नाव मात्र काढून टाका.

अशी केस पाहिलीच नसेल तर अर्ज थांबवा आणि आठवडाभर दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर जाऊन बसा. ई-कोर्ट्स या वेबसाइटवर सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या त्या त्या दिवसाची नोंद, वाचायची सवय लावा. बंदी 'माझी तारीख कधी?' एवढंच विचारतो, त्याचं उत्तर तिथे असतं.

कायद्याची तयारी म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची) दोन कलमं तोंडपाठ हवीत. १८७ मधला साठ आणि नव्वद दिवसांचा हिशोब, म्हणजे वेळेत दोषारोपपत्र आलं नाही तर मिळणारा जामीन. आणि ४७९: पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, इतरांनी निम्मा, तर सुटकेचा हक्क. त्यासाठी कोर्टाला लिहायची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. एकाहून जास्त खटले प्रलंबित असले तरी अडतं, आणि मुलाखतीत उमेदवार नेमके इथेच घसरतात. शिक्षा झालेल्यांसाठी संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांतला फरक सांगता आला पाहिजे. फर्लो, पॅरोल म्हणून गोंधळ घालू नका.

निवाड्यांत कैद्यांच्या हक्कांवरचा सुनील बत्रा खटला सगळेच वाचतात. तुम्ही प्रभाकर संझगिरींचं प्रकरणही वाचा. मुंबईच्या तुरुंगातल्या या स्थानबद्धाने अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. स्थानबद्धतेच्या अटींत न लिहिलेलं बंधन लादता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. वही, पत्र, औषध, भेट यांवरच्या रोजच्या भांडणात हाच मुद्दा कामी येतो. आणि अशी भांडणं अर्ज देऊन, पोच घेऊन करायची, आवाज चढवून नाही.

जागा कुठे निघतात? हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या स्क्वेअर सर्कल क्लिनिकवर (पूर्वीचं दिल्लीचं प्रोजेक्ट ३९ए) आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'वर लक्ष ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या सहायक बचाव वकिलाच्या पदाला फेलोशिप म्हणत नाहीत, पण काम बरंचसं तेच. शून्य ते तीन वर्षं वकिली केलेल्यांना तिथे घेतात. खासगी प्रॅक्टिस मात्र बंद.

आता वकिलीच्या सनदेचा प्रश्न, जो संकोचाने कोणी विचारत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. म्हणून करारात 'नोकरी' लिहिलंय की 'मानधन', ते सही करण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर दुप्पट काळजी घ्या: मे २०२५ पासून कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली आहे. वकीलपत्रावर तुमचं नाव आणि रोजनाम्यात तुमची हजेरी दिसली पाहिजे. सगळं सीनियरच्या नावाने चालणार असेल तर मी तरी ती जागा घेऊ नका म्हणेन.

पारधी, गोंडी, बंगाली, भोजपुरी यांतलं काही बोलता येत असेल तर ते अर्जात वरच्या बाजूला लिहा, छंदांच्या रांगेत नको. शिफारसपत्र मोठ्या नावाचं नसलं तरी चालतं. ज्या तालुका कोर्टात तुम्ही खरोखर बसलात, तिथल्या वकिलांनी 'ही मुलगी फाइल वाचून येते' एवढं लिहिलं तर त्या पत्रावर मी थांबते.