हेदवीची बामणघळ बघायची तर आधी भरतीची वेळ काढा

गुहागरला जाणारे बरेच जण हेदवीला दशभुज गणेशाचं दर्शन घेतात आणि परत फिरतात, बामणघळ, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळातली चीर जिथे भरतीला लाटा उंच उसळतात, ती राहूनच जाते किंवा ओहोटीला पोचतात आणि म्हणतात काहीच नाहीये. तर पहिलं काम म्हणजे भरतीची वेळ काढणं. सोप्पंय, कॅलेंडरवरची तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा, म्हणजे दशमी असेल तर साडेसात, सकाळी पण आणि संध्याकाळी पण, अंदाजे हं, थोडं मागेपुढे होतं म्हणून तासभर आधीच पोचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, त्या दिवसांत दुपारी बाराच्या सुमाराला पाणी चढतं आणि तेव्हाच खरी मजा.

गाडी किनाऱ्यावरच्या उमामहेश्वर मंदिरापाशी लावा, तिथून काळ्या कातळावरून चालत जायचं. घळ म्हणजे कातळाला पडलेली अरुंद चीर, लाट आत घुसते, शेवटाला आपटते आणि जायला जागाच नाही म्हणून सरळ वर उसळते, आधी पोटात घुमल्यासारखा आवाज येतो मग पांढरा फवारा. कडेला अजिबात जाऊ नका प्लीज, शेवाळावर ग्रिपवाले बूटसुद्धा सटकतात, आणि पावसाळ्यात तर लांबूनच बघा.

वेळ उरला तर वेळणेश्वर जवळच आहे. दापोलीकडून येणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्या, गाडीसकट नेतात, मोठा वळसा वाचतो.