मुलांच्या सवयी आणि घरातला मोबाइल: सुरुवात झोपेपासून करा

पाण्यासाठी एक अ‍ॅप, व्यायामासाठी दुसरं, अभ्यासासाठी तिसरं, अशी तीन-चार अ‍ॅप एकाच रविवारी मुलाच्या फोनवर टाकली की पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांची नोटिफिकेशन्स न वाचताच बाजूला सारली जातात. म्हणून एका वेळी एकच सवय धरा आणि तिला तीन आठवडे द्या. पहिली सवय झोपेचीच असू द्या. झोप पुरी झाली की सकाळचा नाश्ता, संध्याकाळचा खेळ आणि दिवसभराची चिडचिड या गोष्टी निम्म्या तरी मार्गी लागतात.

आधी कागदावर हिशेब करा. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते आणि 13 ते 18 वयात 8 ते 10 तास. शाळा सकाळी सातची आणि रिक्षा साडेसहाला दारात, तर पोरगं पावणेसहाला उठायला हवं. म्हणजे नववीतल्या मुलाला पावणेदहाला झोप लागलेली हवी, तेव्हा कुठे आठ तास भरतात. सध्या तो साडेअकराला झोपत असेल तर एका रात्रीत पावणेदहावर आणायला जाऊ नका. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरावर सरकतं. त्याला खरोखरच झोप येत नसते, ते नाटक नव्हे. दर तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे या. पावणेदोन तासांचं अंतर सात टप्प्यांत, 21 दिवसांत कापलं जातं.

आता फोन. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा आणि ‘बेडटाइम मोड’ची वेळ झोपेच्या 45 मिनिटं आधीची लावा. त्यातच ‘ग्रेस्केल’ आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. स्क्रीन काळी-पांढरी झाली की रील्सची अर्धी मजा जाते, आणि क्लासच्या ग्रुपवर रात्री दहाला पडणाऱ्या मेसेजचा टुणटुण आवाजही थांबतो. दर तीन दिवसांनी ही वेळही 15 मिनिटांनी अलीकडे घ्यायला विसरू नका. हेच हमखास राहून जातं. “आई, गजर त्यातच लावलाय की” ही सबब येणारच. साधं गजराचं घड्याळ आणा आणि सगळ्यांचे चार्जर हॉलमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही.

बेडटाइम मोड मूल स्वतः बंद करू शकतं. मोठ्या मुलांच्या बाबतीत हे चालतं, कारण तिथे करार असतो, पहारा नसतो. लहानांसाठी गूगलचं ‘फॅमिली लिंक’ अ‍ॅप बरं. त्यात दिवसाची मर्यादा, फोन बंद होण्याची वेळ आणि प्रत्येक अ‍ॅपची वेळ तुमच्या फोनवरून ठरते. तिथे दोन गोष्टी अडतात. पहिली, खातं काढताना घाईत मुलाची जन्मतारीख खोटी टाकलेली असते, त्यामुळे गूगलच्या लेखी तो मोठा माणूस असतो. ती आधी दुरुस्त करा. दुसरी, यूट्यूबच्या अ‍ॅपवर मर्यादा लावली की तेच व्हिडिओ ब्राउझरमध्ये, टीव्हीवर नाहीतर आजोबांच्या फोनवर सुरू होतात. आजोबांना आधी विश्वासात घ्या.

नोंदीसाठी वेगळ्या अ‍ॅपची गरज नाही. कॉम्प्युटरवर गूगल शीट उघडा. आडव्या ओळीत वार, उभ्या रकान्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव. रकाने निवडून ‘इन्सर्ट’मधून ‘चेकबॉक्स’ घाला आणि शीट सगळ्यांना शेअर करा. खूण मुलानेच करायची, सकाळी दात घासून झाल्यावर. वेगळ्या रिमाइंडरपेक्षा रोजच्या एखाद्या कामाला जोडलेली नोंद जास्त टिकते. ध्येय सातपैकी पाच दिवसांचं ठेवा. सलग दिवस मोजणारी अ‍ॅप इथेच फसतात: एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि पोरगं सगळंच सोडून देतं. सगळ्या खुणा रविवारी रात्री एकदम झाल्याची शंका आली तर ‘व्हर्जन हिस्टरी’त वेळा दिसतात. पण ते बघून रागावू नका. खुणा रोज का जमत नाहीत तेवढं विचारा.

दुसरी सवय हालचालीची. 5 ते 17 वयात दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारा व्यायाम. इथे पावलं मोजू नका, मिनिटं मोजा. फोनला बसणाऱ्या हिसक्यांवरून पावलं मोजली जातात. पेठेच्या मैदानावर तासभर फुटबॉल खेळलेल्या पोराचा फोन सॅकमध्ये पडलेला असतो आणि शीटमध्ये शून्य येतं. तालमीतले जोर-बैठका आणि सायकलही त्यात नीट धरली जात नाहीत. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर आई-बाबांसोबत चालायला जाणाऱ्यांसाठी मात्र पावलांचं अ‍ॅप ठीक आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या पावसात मैदानं चिखलाने भरलेली असतात. त्या दिवसांसाठी दोरीच्या उड्या आणि सूर्यनमस्काराच्या पाच-सहा व्हिडिओंची यूट्यूबवर प्लेलिस्ट आधीच करून ठेवा आणि ‘ऑटोप्ले’ बंद करा, नाहीतर सूर्यनमस्कारानंतर गेमिंगचा व्हिडिओ लागलाच म्हणून समजा.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट टाळाच: कॅलरी मोजणारी अ‍ॅप. किशोरवयीन मुलांच्या, विशेषतः मुलींच्या डोक्यात ती आकड्यांचं भूत घालतात आणि जेवण तोडायची सवय लागू शकते. वजनाचा रकानाही शीटमध्ये नको. त्याऐवजी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रीच्या ताटाचा फोटो टाका आणि एकच प्रश्न विचारा: भाजी, कोशिंबीर किंवा फळ यांपैकी काय आहे? तांबडा-पांढरा रस्सा असू दे, शेजारी काकडी दिसली की खूण झाली.

गणपतीत आणि फुटबॉलच्या सीझनमध्ये वेळापत्रक मोडणार हे धरूनच चाला. त्या आठवड्याला शीटमध्ये ‘सुट्टी’ लिहा आणि परतण्याची तारीखही तिथेच टाका. परतल्यावर शेवटच्या वेळेपासून नव्हे, अर्ध्या तासाने उशिराच्या वेळेपासून पुन्हा 15-15 मिनिटं अलीकडे या. एखादी सवय बसली असं वाटलं की तिचा रिमाइंडर दोन आठवडे बंद करून बघा. फोन तरीही रात्री हॉलमध्ये येत असेल, तर तो रकाना पुसा आणि पुढचा सुरू करा.