फुग्याची मान मोजता येते का?

मी मूळची मेकॅनिकल इंजिनिअर. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटेल का याचा अंदाज बांधायच्या कामात शिरले, तेव्हा वाटलं होतं की प्रवाहाची गणितं येतात म्हणजे अर्धं काम झालंच. परळच्या एका रुग्णालयात पहिल्याच दिवशी सरांनी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) उघडून फुग्याची मान, म्हणजे तो रक्तवाहिनीला जोडलेला असतो ती जागा, मोजायला लावली. मी मोजली, रेसिडेंटने मोजली. आकडे काही जुळेनात. फुग्याच्या उंचीला मानेच्या रुंदीने भागलं की आस्पेक्ट रेशो मिळतो, आणि फुटण्याच्या अंदाजात तो वापरतात. मानच डळमळीत, तर पुढचं सगळं हवेत. माझे पहिले दोन महिने नुसते मोजण्यात गेले. या कामात नव्याने येत असाल, तर तुमचेही जाऊ द्या.

असे फुगे साधारण ३ टक्के प्रौढांच्या डोक्यात असतात आणि बहुतेक जन्मभर गप्प बसतात. फुटला तर मात्र जिवावर बेततं. फुगा बंद करायला मानेवर क्लिप लावणं किंवा आत बारीक तारेची कॉइल भरणं यातही धोका आहेच, म्हणून कोणाला हात लावायचा हे ठरवायला अंदाज हवा. फुटण्याचा धोका गुणांत मांडणारा, २०१४ साली आलेला फेजेस स्कोअर ६ अभ्यासांतल्या ८,३८२ रुग्णांवर उभा आहे. त्यात रक्तदाब, वय, आकार, जागा, आधीचा रक्तस्राव आणि लोकसमूह या गोष्टींना गुण आहेत. लोकसमूह कुठले? फिनलंड, जपान, आणि उत्तर अमेरिका व उरलेला युरोप. डोंबिवलीच्या काकूंना कुठल्या खान्यात बसवायचं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता माझी फजिती. फुटलेले आणि न फुटलेले असे स्कॅन गोळा करून मी मॉडेल बनवलं. निकाल झकास आले, घरी पेढेसुद्धा आणले. मीटिंगमध्ये एका मॅडमनी एवढंच विचारलं, "फुटलेल्यांचे स्कॅन कधीचे?" अर्थात फुटल्यानंतरचे! फुटताना फुग्याचा आकारच बदलू शकतो. म्हणजे माझं मॉडेल भविष्य सांगत नव्हतं, घडून गेलेलं ओळखत होतं. पेपर कपाटात गेला.

खरा अंदाज बांधायचा तर न फुटलेल्या फुग्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा हवा. तिथेही मेख आहे: मोठे, वेडेवाकडे फुगे डॉक्टर आधीच बंद करतात, त्यामुळे मागे राहतात ते बहुतेक लहान, निरुपद्रवी. शिवाय रुग्ण गावी जातो, मोबाईल नंबर बदलतो. एथिक्स कमिटीच्या अर्जात नातेवाइकाचा नंबर घेण्याची परवानगी पहिल्यांदाच मागून ठेवा. नंतर दुरुस्ती करून घेताना जीव जातो. आणि डायकॉम फाईलमधून (स्कॅन याच स्वरूपात साठवतात) रुग्णाचं नाव काढल्याशिवाय ती लॅपटॉपवर घेऊ नका.

ओपीडीतही बसा. माझ्या पहिल्या मंगळवारी एका आजोबांनी विचारलं होतं, "जोरात शिंकलो तर फुटेल का हो?" माझ्या एक्सेलमध्ये त्याला रकाना नव्हता.