पूलची क्यू पारखून घेताना

पूल या टेबलावरच्या खेळासाठी स्वतःची क्यू, म्हणजे चेंडूला फटका मारायची लांब काठी, घ्यायची असेल, तर बिलियर्ड्सचेच सामान विकणाऱ्या दुकानात सवडीने जावे आणि किंमत विचारण्याआधी आपण पूल अधिक खेळतो की स्नूकर, हे दुकानदारास सांगावे. आपल्याकडे अनेक क्लबांत दोन्ही खेळ चालत असल्याने येथेच गल्लत होते. पूलच्या क्यूचे टोक साधारण १२ ते १३ मिलिमीटरचे व पुढचा दांडा बहुधा मेपलचा असतो. स्नूकरची क्यू अनेकदा अ‍ॅश लाकडाची आणि ९ ते १० मिलिमीटर टोकाची असते.

सरळपणा तपासण्यासाठी बहुतेक जण क्यू टेबलावर लोळवून पाहतात, परंतु तेवढ्याने भागत नाही. एक डोळा मिटून बुडाकडून टोकाकडे नजर लावावी आणि क्यू हातात सावकाश फिरवावी. दांड्यात बाक असेल, तर फिरवताना टोक डोलताना दिसते. दोन भागांची क्यू असल्यास ती जोडून सांध्यावरून नख फिरवावे. नख अडखळले, तर दुसरी मागावी.

लांबी सामान्यतः ५८ इंच, तर वजन १८ ते २१ औंस असते. नवख्याने १९ औंसांपासून सुरुवात करावी आणि दुकानात टेबल असल्यास दहा-बारा फटके मारूनच ठरवावे. मुठीवरील नक्षीचे पैसे मोजणे ज्याच्या त्याच्या हौसेवर, फटका काही तिने सुधारत नाही. टोकावर बसवलेली कातडी टिप मात्र झिजते, म्हणून ती तेथे बदलून मिळते का, हे विचारून ठेवावे. कठीण पेटीही सोबतच घ्यावी, कारण पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी क्यू वाकू शकते.