चिंध्या आधी, कोयता नंतर

घाणेरी, म्हणजे रानात माजणारं लँटानाचं काटेरी झुडूप, काढायला जाणार असाल तर सगळ्यात आधी चिंध्या, जी रानझाडं ठेवायची त्यांना खुणेसाठी बांधायला. निळ्या सुती कापडाच्या, हातभर लांब, निदान १००. मागच्या वर्षी ठाण्याजवळ येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या सोसायटीमागच्या उतारावर आम्ही २२ जण पहारी, कुदळी, कोयते घेऊन पोचलो आणि चिंध्यांची पिशवी माझ्या घरी दाराशीच राहिली. म्हटलं, तोंडी सांगू कुठलं झाड ठेवायचं ते. अकराच्या सुमारास कॉलेजातला एक मुलगा मोठ्या आनंदाने त्याचा ढीग दाखवायला घेऊन गेला. ढिगाखालून कंबरेएवढा कुडा बाहेर आला होता, मुळासकट उपटलेला, पान तुटलं होतं तिथून पांढरा चीक अजून ठिबकत होता. खाली काटेसावरीची दोन रोपं. "काटे होते ना, काकू," तो म्हणाला. त्याचं काय चुकलं? खूण करायचं काम माझं होतं.

तर परवानगी. जागा कोणाची ते आधी बघा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उपटायचं नाही. आमचा उतार हद्दीबाहेरचा, तरी मालकाचं पत्र हातात ठेवलं होतं.

दिवस गणपती गेल्यावर आणि दसऱ्याच्या आत धरा. जमीन ओली असते, मूळ सैल येतं. दिवाळीनंतर तेच खोड दुप्पट वेळ खातं, शिवाय खाजकुहिलीच्या वेलावरच्या शेंगा सुकायला लागतात. त्यांची कुसं अंगावर उडाली की खाजेने कामच थांबतं.

आता पुन्हा चिंध्या, कारण हे आदल्या दिवशीच होतं, त्या दिवशी सकाळी होत नाही. झाडं ओळखणारी दोन माणसं घ्या आणि अख्खा उतार फिरा. निळ्याच का, तर घाणेरीची फुलं लाल, केशरी, पिवळी, गुलाबी. लाल चिंधी त्यात दिसत नाही. झुडपाच्या बाहेरून बघून पुढे जाऊ नका, वाकून आत बघा. गुराढोरांच्या तोंडातून वाचलेली कुडा, पळस, काटेसावरीची रोपं घाणेरीच्या आडोशालाच वाढलेली असतात, आणि आपण हात घालतो तेही तिथेच. गाठ सैल मारा, आत बोट गेलं पाहिजे. किती बांधल्या ते वहीत लिहा.

हत्यारं तुम्हाला माहीत आहेत. हातमोजे मात्र चामड्याचे. कापडी मोज्यातून घाणेरीचे काटे आत जातात. टोपी, पाणी, ओआरएस.

सकाळी हत्यारं वाटण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करा. घाणेरीची फांदी हातात द्या: चौकोनी खोड, समोरासमोर पानं, चुरगळलं की उग्र वास. खरवत या रानझाडाचं पानही असंच खरखरीत लागतं, म्हणून नुसतं पान चाचपून ठरवू देऊ नका. आणि ठणकावून सांगा: निळी चिंधी दिसली की तिच्याभोवती हातभर अंतरात कुदळ नाही, तिथे कात्रीने एकेक फांदी कापायची. चिंधी नाही पण शंका आहे? तरी हात लावायचा नाही, विचारायचं.

झुडपात हात घालण्याआधी काठीने आपटा. या डोंगरात घोणस आहे, फुरसं आहे, दोन्ही विषारी साप. बिबट्याही आहे, म्हणून चांगलं उजाडल्यावर सुरू करा आणि मुलांना एकटं सोडू नका.

नुसतं वरून कापलं तर घाणेरी अधिक दाट फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी रुजवलेली पद्धत वापरा: खोड आणि मूळ जुळतं त्याच्या खाली, जमिनीत तीन-चार बोटं, मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून रचायचं. मुळं मातीला टेकली की पुन्हा धरतात. काळी फळं आधीच पोत्यात खुडून घ्या, नाहीतर ओढताना उतारभर सांडतात. ढीग नाल्यात ढकलायचा नाही, पेटवायचा तर मुळीच नाही.

नंतरचं थोडक्यात. दीड महिन्याने फुटवे काढायला परत जा. पुढच्या पावसात बी रुजेल, ती रोपं हाताने उपटा. मोकळ्या जागेत रानमोडी हे दुसरं माजणारं झुडूप शिरतं, तेही. हे दोन-तीन वर्षं. वेगळी झाडं लावायची घाई नको, चिंधी बांधलेली आधी वाढू देत. दुसऱ्या फेरीला मात्र चिंध्या सोडून घ्या, विसरलेली चिंधी वाढत्या खोडात रुतते. वहीतला आकडा आणि पिशवीतल्या चिंध्या जुळेपर्यंत उतारावरून खाली येऊ नका.